उन्हाळ्यातील डोंगरी सायकलस्वारी : गुडघा-कोपरांचे रक्षण

(वार्षिक देणगीदार स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



रुग्णालयाच्या अहवालात सायकलीचा विषय कसा, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण असे की, उन्हाळी सुट्टीत डोंगरवाटांवर सायकल चालविणाऱ्या मुलामुलींना गुडघ्याचे व कोपराचे पॅड देण्यासाठी आपल्या एका देणगीदारांनी काही रक्कम न्यासाच्या हवाली केली आहे. या रकमेतून नेमके काय घ्यावे, हा प्रश्न विश्वस्त मंडळाने आमच्याकडे सोपविला. आम्ही वैद्यकशास्त्राचे नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. म्हणून अस्थिरोग व भौतिकोपचार विभागांतील सहकाऱ्यांशी चर्चा करून जे हाती आले, ते आपणापुढे ठेवीत आहोत. घरात सायकलवेडे मूल असणाऱ्या प्रत्येक पालकास त्याचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे.

प्रथम गुडघा आणि कोपर हेच का, ते पाहू. मांडीवर वा दंडावर स्नायूंची जाड गादी असते. गुडघ्याची वाटी आणि कोपराचे टोक मात्र थेट कातडीखाली असते. सह्याद्रीच्या उतारावर, मुरमाच्या घसरड्या वाटेवर चाक निसटले की माणूस पुढे किंवा कडेला पडतो आणि हीच हाडे दगडावर आपटतात. नुसते खरचटले तरी खडे कातडीत रुतून बसतात. ते नीट धुऊन काढले नाहीत तर जखम चिघळते, शिवाय कायमचा काळा डाग राहतो. वाटीचे आडवे तुकडे झाल्यास बहुधा शस्त्रक्रिया करून ते तारेने बांधावे लागतात. कोपर तर फार दिवस प्लास्टरमध्ये राहिले की आखडते. ते पुन्हा पूर्ण सरळ व्हावे म्हणून दीर्घकाळ व्यायाम करावा लागतो. या काळात मुलाची शाळा बुडते, आई किंवा वडिलांची रोजी बुडते. हा खर्च आमच्या देयकात दिसत नाही. तो घराला सोसावा लागतो.

पॅड वापरले की हे सारे टळते, असा दावा आम्ही करणार नाही. पॅडमुळे थेट आघात व खरचटणे कमी होते. गुडघा पिळवटून अस्थिबंध तुटणे, तळहातावर पडून मनगट मोडणे किंवा खांद्यावर पडून गळपट्टीचे हाड मोडणे त्याने थांबत नाही. डोक्यासाठी हेल्मेट तर अनिवार्यच आहे. पैसे मोजकेच असतील, तर आधी हेल्मेट, मग हातमोजे व गुडघ्याचे पॅड आणि त्यानंतर कोपराचे पॅड, असा क्रम आम्ही सुचवू.

आता मुख्य अडचण. चैत्र-वैशाखात देशावर पारा ४० अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी जाड, मागूनही बंद असलेले, कडक कवचाचे पॅड मुले पहिल्या चढावरच काढून पिशवीत टाकतात आणि पुढे उतारावर ते पिशवीतच राहतात. वापरात न येणारी वस्तू जमाखर्चात मालमत्ता म्हणून दिसते, परंतु तिचे मोल शून्य असते. म्हणून आम्ही निवडीची कसोटी अशी ठरविली की, उन्हात जे अंगावर राहील ते पॅड चांगले, मग ते सर्वांत जाड नसले तरी चालेल.

मात्र पातळ म्हणजे कुचकामी असू नये. त्यासाठी लेबल वाचावे. हातापायांच्या संरक्षक पॅडसाठी ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक आहे. ते मूलतः मोटारसायकलस्वारांसाठी केलेले असले, तरी सायकलीचे अनेक पॅड त्यानुसार तपासले जातात. चाचणीत ५० जूल ऊर्जेचा आघात केला जातो. म्हणजे ५ किलोचे वजन सुमारे १ मीटर उंचीवरून सोडल्यासारखा. पॅडमधून पलीकडे पोहोचणारे बल सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर पहिली पातळी, २० किलोन्यूटनपर्यंत असेल तर दुसरी. आपल्या हवामानास आणखी एक खूण महत्त्वाची आहे. फोम उष्णतेने मऊ पडतो. त्यामुळे याच मानकात ४० अंश तापमानाची ऐच्छिक चाचणी ठेवली आहे आणि ती उत्तीर्ण झालेल्या पॅडवर ‘टी’ या रोमन अक्षरापुढे अधिक चिन्ह असते. ते असल्यास प्राधान्य द्यावे.

आजकाल एरवी मऊ राहणारे आणि आघाताच्या क्षणी कडक होणारे पदार्थ पॅडमध्ये वापरतात. ते गुडघ्याबरोबर वाकतात, म्हणून पायडल मारताना अडथळा होत नाही. त्यांच्या भोवती घाम शोषून लवकर वाळणारे कापड व गुडघ्याच्या मागे, लवणीपाशी, जाळी किंवा मोकळी जागा असावी. शरीर थंड होते ते घाम उडून गेल्याने. देशावरील कोरड्या हवेत जाळीचा चांगला उपयोग होतो. कोकणातील दमट हवेत घाम सहजासहजी उडत नाही. तेथे चढावर पॅड काढून ठेवणे आणि उतार सुरू होण्यापूर्वी न चुकता चढविणे, हेच इष्ट. त्यासाठी बूट न काढता बांधता येतील असे, बाजूने उघडणारे पट्ट्यांचे पॅड घ्यावेत.

माप अंदाजाने घेऊ नये. उत्पादकाच्या तक्त्यात सांगितलेल्या जागी मांडीचा, पोटरीचा, दंडाचा घेर टेपने मोजावा. मूल वाढेल म्हणून एक माप मोठे घेण्याची आपली सवय येथे घातक ठरते. घामाने ओला झालेला सैल पॅड पडताक्षणी सरकतो आणि वाटी उघडी पडते. फार घट्टही नको. करंगळी व अनामिकेला मुंग्या आल्या तर कोपराच्या आतील बाजूची नस दाबली जात आहे, असे समजावे. पावलाच्या वरच्या भागाला बधिरता आली तर गुडघ्याखालचा पट्टा सैल करावा. दुकानात उभे राहून पाहणे पुरेसे नाही. सायकलवर बसून दहा मिनिटे पाय मारून पाहावे आणि हाताने पॅड खाली ओढून तो सरकतो का ते तपासावे.

निगा साधी आहे. पॅडची गादी काढता येत असेल तर ती काढून कापड साध्या साबणाने हाताने धुवावे व सावलीत वाळवावे. घामट पॅड तसाच पिशवीत कोंबला तर घामोळे आणि नायटा यांना निमंत्रण मिळते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत पॅड ठेवू नयेत. मोठा आघात झेललेला, चिरलेला किंवा चपटलेला पॅड बदलावा.

पालकांना एवढेच सांगणे की, पॅडपेक्षाही वेळेचे भान मोठे. स्वारी पहाटे सुरू करून ऊन तापण्याआधी संपवावी, पाणी मुबलक न्यावे. पडल्यास जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीबाबत डॉक्टरांना विचारावे. सांधा सुजला, वाकेना किंवा पायावर भार घेता येईना, तर चोळत बसू नये, रुग्णालयात यावे.

या विचारानुसार विश्वस्त मंडळाने निर्णय घेतला आहे. प्रत्येक मुलास गुडघ्याचे हलके, बाजूने उघडणारे पॅड दिले जातील. खडकाळ उतारांवर जाणाऱ्यांना कोपराचेही मिळतील. मापे आमच्या भौतिकोपचार विभागात विनामूल्य घेतली जातील. हा खर्च केवळ या कामासाठी आलेल्या देणगीतूनच होईल. निर्धन रुग्ण निधीतील एक रुपयाही इकडे वळविला जाणार नाही, कारण तो खाटेवरील रुग्णाचा हक्क आहे.

रुग्णालयाने रुग्णांची वाट पाहावी, हा त्याचा धर्म. पण टाळता येण्याजोगी एक खाट रिकामी राहिली, तर ती दुसऱ्या गरजूच्या उपयोगी पडते.