प्रेस? कुठली प्रेस?

नाशिकरोडला कुणी म्हणालं, ‘आमचे काका प्रेसमध्ये होते,’ तर काका बातम्या लिहीत असतील असं समजू नका. ते बहुधा नोटा नाहीतर टपाल तिकिटं छापत होते!

इंग्रजी ‘प्रेस’चा मूळ अर्थ दाबणं. शाई लावलेल्या खिळ्यांवर कागद दाबून छपाई व्हायची, म्हणून छापखाना झाला प्रेस. तिथून वर्तमानपत्रं निघू लागली, तेव्हा पत्रकारितेलाही तेच नाव चिकटलं. नाशिकरोडला मात्र हा शब्द अजून छापखान्यातच आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. १९२५ मध्ये इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. त्याआधी आपली टपाल तिकिटं इंग्लंडहून छापून यायची. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली आणि पाच रुपयांची नोट इथेच छापली जाऊ लागली. शिवाय नाशिकमधल्याच गांधीनगरला भारत सरकारचा आणखी एक छापखाना आहेच. त्यामुळे अस्सल नाशिककर आधी विचारतो, ‘नोटांची प्रेस की गांधीनगरची?’

बाकी बोलण्यात हा शब्द कुठेही शिरतो. शर्ट प्रेस करायचा म्हणजे इस्त्री. पुढारी ‘उद्या प्रेस घेतो’ म्हणतात, ती पत्रकार परिषद. आणि मोटारसायकलींवर रंगवलेलं ‘प्रेस’? त्यातले बातमीदार किती, यावर वेगळा कार्यक्रमच करावा लागेल.