सखूबाईची पणती सई



आजचं व्याख्यान एका नावावर आहे. दोन अक्षरांचं नाव, सई. आपल्या बिलोली भागातल्या अंगणवाडीच्या पटावर हे नाव आता दिसू लागलंय. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात ते सांगितलं की जुनी माणसं म्हणतात, ‘हे काय नवीनच? पुण्या-मुंबईचं दिसतंय.’ माझं म्हणणं त्याच्या नेमकं उलट आहे. हे नाव नवं नाही आणि पुण्या-मुंबईचंही नाही. ते गोदाकाठचं आहे. ज्या घरात पणजी सखूबाई होती आणि आता पणती सई आली, त्या घरात एकच नाव दुसऱ्यांदा ठेवलं गेलं आहे.

हे कसं, ते जरा सावकाश पाहू. मूळ शब्द सखी, म्हणजे मैत्रीण. संस्कृतातला ‘ख’ प्राकृतात ‘ह’ होतो. ‘लिख्’पासून आपलं ‘लिहिणं’ झालं, तशी ‘सखी’ची ‘सही’ झाली. सातवाहनांची राजधानी पैठण. त्या घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेला ‘गाथासप्तशती’ हा सातशे गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्यातली कितीतरी बोलणी मैत्रिणीला उद्देशून आहेत आणि तिथं मैत्रिणीला हाक येते ती ‘सहि’ अशी. पैठणची ही गोदावरी पुढं आपल्या शेजारच्या धर्माबाद तालुक्यातून वाहते आणि आपल्या शिवेवरची मांजरा तिला कंदकुर्तीला मिळते. म्हणजे ही हाक ज्या पाण्याच्या काठावर घुमली, ते पाणी आपलंच आहे.

पुढं ‘सही’मधला ‘ह’ गळाला आणि ‘सई’ उरली. हा ‘ह’ कसा गळतो, हे बिलोलीच्या माणसाला पुस्तकातून शिकवावं लागत नाही. आपण ‘पाहिलं’ला ‘पायलं’ म्हणतो, ‘राहिलं’ला ‘रायलं’ म्हणतो. शाळेत त्याबद्दल पोरांना बोलणी बसतात. पण ज्या वळणानं आपली जीभ ‘पायलं’ म्हणते, त्याच वळणानं ‘सही’ची ‘सई’ झाली. आज शहरात ज्या नावाचं कौतुक होतं, ते असल्याच बोलीत घडलेलं आहे. शिक्षकांनी हे पोरांना जरूर सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

नावांच्या पुस्तकांत सईचे आणखीही अर्थ दिलेले असतात. ते सगळेच चुकीचे आहेत असं नाही. प्राकृतात ‘शची’ची, म्हणजे इंद्राच्या राणीचीही ‘सई’ होते आणि ‘सती’चीही होते. ‘स्मृती’चा प्राकृत शब्द घासून आपली ‘सय’ आली, माहेरची सय येते म्हणतो ती. ‘सत्तसई’मधली ‘सई’ मात्र ‘शती’ची आहे, तिचा मुलीच्या नावाशी संबंध नाही. पण नाव म्हणून सई मराठीत रुजली ती मैत्रीण या अर्थानंच. याला माझा आधार कोशांपेक्षा जात्याचा आहे.

जात्याकडं वळण्याआधी आपल्याकडच्या जुन्या बायांची नावं आठवा. गोदावरी, भागीरथी, चंद्रभागा ही नद्यांची. रुक्मिणी, लक्ष्मी, पार्वती ही देवांची. द्रौपदीची झाली धुरपतबाई. तेलंगणाच्या शिवेवर गंगामणी, राजव्वा, सायव्वा. आणि मन दुखवणारी नावंही होतीच. मुलीवर मुलगी झाली म्हणून नकुशी, अधिक महिन्यात जन्मली म्हणून धोंडाबाई. नकुशी जुन्या काळाबरोबर गेली असं समजू नका. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा नावाच्या दोनशे पंच्याऐंशी मुलींना प्रशासनानं समारंभ करून नवी नावं दिली. या सगळ्या यादीत सखू आणि सई मला वेगळ्या दिसतात. त्या नावात नदी नाही, देव नाही, नवरा नाही, आईबापाची निराशा नाही. आहे ती बाईची बाईशी असलेली मैत्री.

पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. खुंट्याला दोघींचे हात. सासरी जे सासूला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगायची सोय नाही, माहेरी सांगावं तर आईचा जीव तुटतो, ते सगळं ओवीत यायचं आणि ओवी ऐकायला समोर असायची ती सई. ‘सया’, ‘सयांनो’ ही हाक ओव्यांमध्ये पुन्हा पुन्हा येते. लहानपणची सई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की बहुतेक वेळा पुन्हा भेटत नसे. मग ओवीतच तिला बोलवायचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते काम झालं नसतं तर पिठाची गिरणी आल्यावर ही सईही बुडाली असती. जातं गेलं, सया पांगल्या आणि शब्द मुलीच्या नावात येऊन राहिला. माझ्या लेखी हीच या नावाची खरी श्रीमंती आहे.

आता इतिहासाकडे येऊ. हे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं ते शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीमुळं. सईबाई फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या. १६४० साली पुण्यात त्यांचं लग्न झालं. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई गेल्या. संभाजीराजे तेव्हा दोन वर्षांचे होते आणि अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला होता. सईबाईंची समाधी राजगडाच्या पायथ्याशी पाल गावात आहे.

आणि इथं एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या सईबाईंच्या थोरल्या लेकीचं नाव काय होतं? सखूबाई. ती पुन्हा फलटणच्याच घरात, महादजी निंबाळकरांना दिली. आई सई आणि लेक सखू. साडेतीनशे वर्षांपूर्वी ही दोन्ही रूपं एका छपराखाली सुखानं नांदत होती.

मग पुढं सई मागं पडली आणि सखू खेडोपाडी पसरली ती का? मला त्याचं मोठं कारण कऱ्हाडची संत सखू वाटते. सासरच्यांनी खांबाला बांधलेली सखू, तिच्या जागी उभा राहिलेला विठ्ठल आणि पंढरीला गेलेली ती. ही कथा कीर्तनातून घरोघरी पोचली. १९४१ साली प्रभातनं तिच्यावर चित्रपट काढला, त्यात हंसा वाडकर होत्या. वारकऱ्यांच्या घरात लेकीचं नाव सखू ठेवणं म्हणजे विठ्ठलाशी नातं जोडणं होतं. पुढं शिकलेल्या घरांना सखू हे नाव गावंढळ वाटू लागलं आणि ते टाकलं गेलं. याचं मला वाईट वाटतं. सखूत गावंढळ काहीही नाही.

सईला विसाव्या शतकात पुन्हा माणसांत आणलं ते एका मोठ्या कलावतीनं. सई परांजपे १९३८ साली जन्मल्या. आई शकुंतला परांजपे, वडील रशियन. ‘स्पर्श’, ‘चश्मे बद्दूर’, ‘कथा’ हे त्यांचे चित्रपट देशभर पोचले, २००६ साली पद्मभूषण मिळालं. आपल्या कलाप्रवासाच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं ‘सय’. त्याच शतकात रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीनं राणी सईबाईंना वाचणाऱ्या घरांत नेलं, आणि पुढं दूरचित्रवाणीच्या मालिकांनी न वाचणाऱ्या घरांतही. ‘दुनियादारी’, ‘मिमी’ या चित्रपटांमुळं सई ताम्हणकर तरुणांना माहीत झाली. २०२० साली सुरू झालेल्या एका गाजलेल्या हिंदी मालिकेची नायिका गडचिरोलीची सई होती. शिवाय नाव लहान, जोडाक्षर नाही, आजीला आणि नातीला सारखंच म्हणता येतं. ‘स’ अक्षर कुंभ राशीला येतं, त्यामुळं पत्रिका पाहणाऱ्या घरांतही ते बसतं.

पण आपल्या बिलोलीला एक अडचण आहे, जी पुण्याला एवढी जाणवत नाही. मांजरा ओलांडली की तेलंगण. बोधन, निजामाबादशी आपली सोयरीक आहे, बाजार आहे, दवाखाना आहे. तिकडं साईकुमार, साईकिरण, साईचरण ही मुलांची नावं घरोघरी. शिर्डीच्या बाबांवरच्या श्रद्धेनं ठेवलेली, चांगलीच नावं आहेत. मात्र रोमन लिपीत ‘सई’ आणि ‘साई’ दोन्ही एस-ए-आय असेच लिहितात. मग रोमनवरून देवनागरी करणारं यंत्र सईची साई करतं, दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं नाव येतं, आणि दहावीच्या अर्जाच्या वेळी बाप कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. नाव निवडताना आपण महिनाभर विचार करतो, नोंदवताना मात्र दोन मिनिटं थांबत नाही.

म्हणून शेवटी आईबापांना माझं हात जोडून सांगणं आहे. जन्माची नोंद नाव नसतानाही होते. नंतर बारा महिन्यांच्या आत नाव भरलं तर शुल्क लागत नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून भरता येतं. ती मुदत चुकवू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आपल्या राज्यानं ठरवला आहे, त्यामुळं आईचंही नाव नीट तपासा. मुलगी सई असेल तर देवनागरीत ‘सई’च लिहिलं आहे, ‘स’ला काना लागलेला नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि मगच कागदावर सही करा. आणि घरात पणजी सखूबाई होऊन गेली असेल, तर तिचं नाव या मुलीला जरूर सांगा.