परदेश पाहिला, शेजार पाहिला काय?



प्रवासानें माणूस शहाणा होतो खरा. पण त्या शहाणपणाची कसोटी घरीं परतल्यावर लागते.

कवळाण्याच्या शेतकरी घरांत जन्मलेले सयाजीराव गायकवाड १९०६ सालीं अमेरिकेस गेले. तेथें सर्वांना फुकट वाचावयास देणारीं ग्रंथालयें त्यांनीं पाहिलीं. १९१० सालीं तिकडील ग्रंथपाल बोर्डन यांस त्यांनीं बोलावून घेतलें आणि बडोदें संस्थानांत खेडोपाडीं पुस्तकांच्या पेट्या फिरूं लागल्या.

त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं डॉक्टर आंबेडकर न्यूयॉर्कला शिकावयास गेले. परदेशांत आपण अस्पृश्य आहोंत याचा विसरच पडला, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. १९१७ सालीं ते बडोद्यास नोकरीवर आले, तों त्यांस उतरावयास जागा मिळेना. जात लपवून ते पारशांच्या धर्मशाळेंत राहिले. तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांस घालवून दिलें. राजानें सातासमुद्रांपलीकडून ग्रंथालय आणलें, पण शेजाऱ्याचें मन कोठून आणावें? तें आपलें आपणच घडविलें पाहिजे.

आपणही वारीला, बाजाराला, सोयरिकीला हिंडतों. तेथें पाणवठ्यावर कोण उभा आहे, ओसरीवर कोणास घेतात, कोणास दारांतूनच परतवितात, तें नीट पाहा. मग तेंच आपल्या गांवांत पाहा. देश कसा आहे, तें तेथें कळेल.