नालबंदाची भट्टी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी थोरामोठ्यांचे स्मरण करावे, असा प्रघात आहे. आम्ही मात्र आज अशा एका गृहस्थांविषयी बोलणार आहोत, ज्यांचे नाव आपल्या मंडळाच्या कोणत्याही इतिवृत्तात सापडावयाचे नाही. ते मंडळाचे सभासदही नव्हते. रायपुरातील टांग्यांच्या घोड्यांना नाल ठोकणारे ते एक नालबंद होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू.

छत्तीसगडात आपले राज्य आले ते घोड्यावर बसून. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले. घोडदळ जाईल तेथे नालबंद जायचाच. मराठी दफ्तरांत तर शिलेदारास घोड्यांच्या खर्चासाठी आगाऊ द्यावयाच्या रकमेसच ‘नालबंदी’ असे नाव होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. फौजा गेल्या, मागे टांगे राहिले. आणि टांग्यांच्या आधाराने नालबंदही राहिले.

नालबंद आणि लोहार यांना लोक एकाच माळेत ओवतात. वस्तुतः नालबंदास आगीपेक्षा घोडा अधिक कळावा लागतो. आपल्याकडे बहुधा तयार नाल थंडच ठोकतात. खिळ्याचे टोक एका बाजूने उतरते केलेले असते. त्यामुळे तो खुराच्या कठीण भिंतीतून वळून बाहेर निघतो. जरा आत गेला, की जिवंत मांसात शिरलाच आणि जनावर लंगडे झालेच. काका खिळा ठोकताना डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवीत. हातोडीचा आवाज बदलला, की ते थांबत आणि खिळा उपटून काढीत.

पुढे सायकलरिक्षा आल्या, मागोमाग ऑटोरिक्षा आल्या. स्टेशनाबाहेरचे टांगे एकेक करून उठले. पन्नाशी उलटलेल्या काकांना तीन-तीन दिवस गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा ते एका लोहाराच्या शाळेत जाऊन बसले. हा लोहार त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होता. ज्या हाताने हजारो घोड्यांना नाल ठोकले, तो हात आता भाता ओढू लागला. टांगेवाले हसत. काकांनी ते हसणे कसे सोसले असेल, हे आम्हांस तेव्हा कळले नाही.

प्रथम त्यांनी लोखंड जाळले. तांबडे, नारिंगी, पिवळे हे रंग ओलांडून ते पांढरे झाले आणि ठिणग्या फुटल्या, की तो तुकडा वाया गेला असे समजावे. मग ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून त्यांनी विळा घडविला, लाल करून एकदम पाण्यात बुडविला आणि आनंदाने खाली टाकला. त्याचे दोन तुकडे झाले! असे पोलाद कठीण होते, तसेच ठिसूळही होते. त्यास पाणी देणे म्हणजे ते नुसते विझविणे नव्हे. विझविल्यावर पाते घासून उजळ करावयाचे, पुन्हा हलके तापवावयाचे आणि त्यावर चढणारा रंग पाहावयाचा. सुमारे २२० अंशांवर वाळल्या गवताचा पिवळा रंग दिसतो, पुढे तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. धारेसाठी गवती रंगावर थांबावे, कमानीसाठी निळ्यापर्यंत जाऊ द्यावे. हे थांबणे शिकण्यास काकांना दोन पावसाळे लागले. पण कान मात्र आयता कामास आला. निवू लागलेल्या लोखंडाचा आवाज त्यांना गुरूच्या आधी कळे.

१९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटलेले भिलाई येथून हाकेच्या अंतरावर, आणि काकांच्या भट्टीत मात्र मोडक्या ट्रकांचे पाटे! आम्हांस पूर्वी याची गंमत वाटे. पुढे कोंडागावास जाण्याचा योग आला. तेथील कारागीर साच्यावाचून, केवळ तापवून व ठोकून दीपस्तंभ आणि हरणे घडवितात. त्यांच्या भट्टीतही भंगारच होते. या प्रदेशातील अगरिया लोक पूर्वी मातीच्या भट्टीत दगडापासून लोखंड गाळीत. त्यांच्यावर व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. लोहार कोठून लोखंड मिळवितो यापेक्षा त्याचे तो काय करतो, हे पाहावे, असे आम्हांस तेव्हापासून वाटू लागले.

आमच्या मातोश्रींची नागपुराहून आणलेली विळी एकदा मोडली. खोबरे खवणाऱ्या दातेरी टोकाची विळी येथील बाजारात सहजी मिळत नसे. आईने कागदावर चित्र काढून दिले. नारळ खवताना हात कसा फिरतो, हे काकांनी तिला दोनदा करून दाखवावयास लावले. घोड्याची चाल पाहावी तसे ते पाहत राहिले. पाते मऊ असतानाच त्यांनी खिळ्यांची टोके घासावयाच्या आपल्या जुन्या कानशीने दाते काढले आणि मग पाणी दिले. मजुरी विचारता म्हणाले, “वहिनी, आधी खोबरे खवून पाहा.”

ती विळी आज आमच्या सुनेच्या स्वयंपाकघरात आहे. दाते दोनदा नव्याने काढावे लागले, पाते मात्र तेच आहे.