पॅसेंजर कुणाची?

(नंदुरबार येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘स्त्रिया आणि विकास’ या विषयावर मी बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं होतं. विषय फार मोठा आहे. म्हणून त्यातला एकच धागा मी घेतला आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या रोजच्या जगण्यातला आहे. सुरतेकडून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगाव-भुसावळकडे जाणारा रेल्वेमार्ग, आणि त्यावरची प्रत्येक लहान स्थानकावर थांबणारी पॅसेंजर गाडी. स्त्रियांच्या शिबिरात रेल्वेचं काय काम, असं काहींना वाटेल. पण बाई घराबाहेर पडते तेव्हा ती कशात बसते, किती पैसे देते, किती वाजता घरी पोचते, यावर तिचं काम, शिक्षण, दवाखाना, माहेर आणि संघटनासुद्धा अवलंबून असते. दारू, मारहाण, मजुरी यांवर आपण बोलतो, तसं यावरही बोललं पाहिजे.

आधी इतिहास पाहू. हा मार्ग आपल्यासाठी बांधलेला नव्हता. १८६० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे जळगाव-भुसावळमार्गे पुढे विदर्भाकडे गेली. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला मोल आलं. पण पश्चिम खानदेशचा माल सुरतेच्या बाजूला नेणारी रेल्वे नव्हती. त्यासाठी ‘ताप्ती व्हॅली रेल्वे’ नावाची कंपनी निघाली. तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीकडे होता आणि गाड्या बी.बी.सी.आय. रेल्वे चालवायची. सुरत ते अमळनेर हा सुमारे २५० किलोमीटरचा मार्ग १९०० सालापर्यंत पुरा झाला. अमळनेर ते जळगाव हा पुढचा तुकडा जी.आय.पी.चा होता.

ते साल लक्षात घ्या. १८९९-१९०० म्हणजे मोठ्या दुष्काळाचं वर्ष, ज्याला गुजरातेत अजून ‘छप्पनियो’ म्हणतात. खानदेशात माणसं आणि गुरं मरत होती आणि त्याच वेळी रूळ पूर्ण होत होते. कंपनीच्या हिशेबात कापूस, धान्य, लाकूड आणि भागधारकांचा नफा होता. आदिवासी बाई त्या हिशेबात आलीच तर भराव टाकणारी मजूर म्हणून.

आता दुसरी एक गोष्ट सांगते, ती आपल्यातल्या फार थोड्या जणींना माहीत असेल. हा मार्ग सुरू व्हायच्या आधीच, १८९० च्या रेल्वे कायद्यात, कलम ६४ होतं. त्यानुसार प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यात खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त स्त्रियांसाठी राखून ठेवणं रेल्वेवर बंधनकारक होतं. गाडी ५० मैलांपेक्षा लांब जाणारी असेल तर त्या राखीव कप्प्यात संडास असलाच पाहिजे, असंही त्यात म्हटलं होतं. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. सुरत-नंदुरबार अंतर याच्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे बायकांच्या डब्यात संडास मागणं हा नव्या जमान्याचा चोचला नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तो कायदा होता.

त्या कायद्यामागे आपल्या हक्काचा विचार होता असं मात्र समजू नका. परक्या पुरुषाशेजारी बाई बसली तर घराण्याची अब्रू जाईल आणि मग घरंदाज लोक बायकांना गाडीत बसवणार नाहीत, ही त्यामागची मोठी काळजी होती. म्हणजे राखीव डबा हा पडद्याचाच एक प्रकार होता. पण बायकांनी त्याचा उपयोग वेगळा केला. पडद्यासाठी दिलेल्या जागेत त्या मोकळ्या बसल्या, बोलल्या, भाकरी वाटून खाल्ली, अडचणीत एकमेकींच्या मागे उभ्या राहिल्या. मिळालेल्या गोष्टीचा अर्थ आपण वापरून बदलतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

आपल्या मार्गावरची पॅसेंजर तर बाईनं वापरून वापरून आपलीशी केली. या गाडीनं कोण कोण जातं, हे एकदा नीट मोजा. दिवाळीनंतर बारडोली-व्यारा पट्ट्यात ऊसतोडीला जाणारी जोडपी असतात. यान ब्रेमान या डच अभ्यासकानं बारडोलीच्या साखर कारखान्यांवरच्या ‘खानदेशी’ तोडणी कामगारांविषयी १९७८ मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला ही हकीकत कळली. आपल्याला ती आधीपासून ठाऊक होती. तिथे मजुरी माणशी ठरत नाही, कोयत्यावर ठरते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल नवऱ्याच्या हातात पडते, मोळ्या बाईच्या डोक्यावर येतात, आणि मुकादमाच्या वहीत तिचं नावही नसतं. त्या बाईचा स्वतःचा म्हणावा असा एकच कागद त्या सगळ्या व्यवहारात असू शकतो. तो म्हणजे तिचं रेल्वेचं तिकीट.

याशिवाय मिरचीच्या पथाऱ्यांवर देठ खुडायला येणाऱ्या बाया असतात. टोपल्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या असतात. सुरतेच्या कापड कारखान्यांत आणि इमारतींच्या बांधकामावर जाणाऱ्या असतात. नर्सिंगच्या आणि डी.एड.च्या मुली असतात. बाळंतपणाला निघालेली आणि तिच्याबरोबर तिची आई असते. होळीला आपापल्या पाड्यावर परतणारी कुटुंबं असतात. आणि आखाजीला माहेरी निघालेल्या लेकी. त्या डब्यात अहिराणी, भिलोरी, मावची, गुजराती, मराठी सगळ्या भाषा ऐकू येतात. सभेला न येणारी बाई मला तिथे भेटते आणि घरात न बोललेलं बोलते. समाजकार्याच्या पदवीत ‘समूहाशी संपर्क’ असा एक धडा आम्हाला होता. तो मी खरा शिकले या डब्यात.

आता सीमेची गोष्ट. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं झाली आणि नवापूरचं स्थानक दोहोंमध्ये विभागलं गेलं. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातमध्ये. एका बाकाचं एक टोक इकडे आणि दुसरं तिकडे. लोक कौतुकानं तिथे फोटो काढतात. पण बाईला ही रेघ कशी नडते ते ऐका. काही वर्षांपूर्वी कामावरून परतणाऱ्या एका मुलीची चालत्या गाडीत छेड काढली गेली. मी तिच्याबरोबर तक्रार द्यायला गेले. पहिल्या चौकीत सांगितलं, हे आमच्या हद्दीत घडलं नाही, पलीकडच्या राज्यात जा. तिकडे सांगितलं, तुम्ही उतरलात तिथे जा. मुलीचे दोन दिवसांचे रोज बुडाले. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ म्हणाला, आता ती कामालाच जाणार नाही. बघा, गुन्हा दुसऱ्याचा आणि घरात बसली ती. चौकीचं नाव मी घेत नाही, कारण प्रश्न एका चौकीचा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यानं नोंदवून घेतली पाहिजे. तिला आपण ‘झिरो एफ.आय.आर.’ म्हणतो. हे कलम पाठ करा. हद्दीचं कारण पुढे आलं की हा आकडा सांगा.

रेल्वेच्या सध्याच्या, म्हणजे १९८९ च्या कायद्यातली तीन कलमंही लिहून घ्या. कलम ५८ : प्रत्येक प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी एक कप्पा किंवा काही जागा राखल्या पाहिजेत. कलम १६२ : त्या डब्यात पुरुषानं शिरणं हा गुन्हा आहे. कलम १३९ : बरोबर पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला तिकिटाच्या कारणावरून वाटेल तिथे उतरवता येत नाही. जिथून ती बसली ते स्थानक, जंक्शन, शेवटचं स्थानक किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचं स्थानक, एवढ्याच ठिकाणी उतरवता येतं, आणि तेही फक्त दिवसा. रेल्वेच्या मदतीच्या फोनचा नंबरही १३९ आहे, म्हणजे एकाच आकड्यात दोन गोष्टी लक्षात राहतील. ‘बरोबर पुरुष नसलेली बाई’ ही भाषा मला खटकते. पण रात्री आडस्थानकावर बाईला उतरवू पाहणाऱ्यापुढे ती आपल्या उपयोगाची आहे.

जुन्या नव्वद सालच्या कायद्यात आणि या कायद्यात एक फरक मात्र आहे. तेव्हा ‘निदान एक कप्पा’ म्हटलं होतं. आता कप्पा ‘किंवा’ काही आसनं, रेल्वेला योग्य वाटतील तेवढी. आणि ५० मैलांच्या संडासाची अट कलम ५८ मध्ये नाही. कायदा नवा झाला की तो आपोआप पुढे जातो, असं मानू नये.

आता अलीकडचं. हा मार्ग फार वर्षं एकेरी होता. एक्स्प्रेस आणि मालगाडी आली की पॅसेंजर क्रॉसिंगला पडायची. बाया म्हणायच्या, साहेबांच्या गाडीला वाट द्यायला आमची गाडी बाजूला. उधना-जळगाव ३०७ किलोमीटरचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांनी धुळ्यातून त्याचं लोकार्पण केलं. त्याच दिवशी भुसावळ-वांद्रे खानदेश एक्स्प्रेस आणि नंदुरबार-उधना मेमू यांना झेंडा दाखवला गेला. चांगलं झालं. ते नाकारण्याचं कारण नाही.

पण साधारण वर्षभरानं, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. मुलं कडेवर घेऊन पायी चाललेल्या बाया आपण पाहिल्या. पुढे गाड्या सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरची ‘स्पेशल’ झाली आणि भाडं एक्स्प्रेसचं लागू झालं. किमान तिकीट १० रुपयांचं ३० झालं. मासिक पासही बराच काळ बंद होते. गाडीचा वेग तोच, बाकं तीच, फक्त नाव बदललं. हिशेब करा. जाऊन येऊन २० रुपये लागायचे तिथे ६० लागू लागले. दिवसाला ४० रुपये जास्त, महिन्याचे २५ दिवस धरले तर १००० रुपये. घरात हजार रुपये कमी पडले की कुणाचं जाणं आधी बंद होतं, हे तुम्हाला सांगायला नको. ते नवऱ्याचं नसतं, मुलाचंही नसतं. मुलीचं कॉलेज आणि बाईचं काम आधी थांबतं. २०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस साधं भाडं पुन्हा लागू झालं. मधल्या काळात ज्या मुलींचं शिक्षण सुटलं, त्यांचे ते दिवस कोण परत देणार? नाव बदलताना आणि भाडं वाढवताना त्या डब्यातल्या एकीलाही कुणी विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट विसरू नका. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. त्याचे सहा तालुके. त्यांपैकी रेल्वे फक्त नवापूर आणि नंदुरबार या दोनच तालुक्यांतून जाते. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव इथल्या बाईला आधी एस.टी. किंवा जीप, आणि मग रेल्वे. याच शहाद्यात १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या बाया गावोगाव पायी फिरल्या, दारूचे गुत्ते बंद पाडले, मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. अंबरसिंग सुरतवंतींच्या बरोबरीनं उभ्या राहिलेल्या त्या बायांना वाहन नव्हतं, तरी चळवळ झाली. पण बाई पायी जाऊ शकते म्हणून तिनं कायम पायीच जावं, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. गाडी कुणाची आहे हे तिच्यावर लिहिलेल्या नावावरून ठरत नाही. भाडं किती, थांबे कुठे, वेळ कोणती, डब्यात दिवा आणि पाणी आहे की नाही, यावरून ते ठरतं. या पाच गोष्टी ठरवणाऱ्यांत आपण नसतो. तिथे शिरायचं असेल तर आपल्याजवळ माहिती हवी. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटानं आपल्या जवळचं एक स्थानक घ्यावं. नवापूर, चिंचपाडा, खांडबारा, नंदुरबार, दोंडाईचा, जिला जे सोयीचं. आठवड्यातून एक दिवस वहीत नोंद करा. बायकांचा डबा कुठे लागला, त्यात पुरुष किती होते, संडास उघडा होता का, पाणी होतं का, फलाटावर दिवे होते का, शेवटची गाडी किती वाजता आली आणि तिथून पुढे गावाला जायला काय मिळालं. चार ओळी, तारीख आणि वेळ, एवढं पुरे. लिहिता न येणारीनं सांगावं, लिहिता येणारीनं लिहावं.

अशा शंभर नोंदी हातात असल्या की आपण अर्ज घेऊन जाऊ. नुसती तक्रार केली तर साहेब ‘बघू’ म्हणतो. तारीख आणि वेळ समोर ठेवली की त्याला उत्तर द्यावं लागतं. पुढच्या बैठकीला येताना आपापली वही आणा. तिथून पुढचं आपण मिळून ठरवू.

जिंदाबाद!