संशोधनाचे अनुदान : मागणार कोण?



'वैद्यकीय संशोधन आणि शासकीय अनुदान' हा विषय चिटणिसांनी पत्रिकेवर छापला, तेव्हा मंडपातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहणार असे आम्ही धरून चाललो होतो. तसे झालेले दिसत नाही. याचे श्रेय आमच्याकडे नसून 'अनुदान' या शब्दाकडे असावे. आपल्या जिल्ह्यात अनुदान म्हटले की ठिबक आठवते, शेततळे आठवते, फार तर ट्रॅक्टर आठवतो. आज ज्या अनुदानाविषयी बोलायचे आहे त्यातून कोणाच्याही रानात एक हात नळी पडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना उठायचे असेल त्यांनी आत्ताच उठावे. मध्येच उठलेले वक्त्याला फार लागते.

आता आपण येथून शिराळ्याला जाऊ. शिराळ्याची नागपंचमी साऱ्या देशाला ठाऊक आहे. परंतु साप चावतो तो काही सणाच्या दिवशी, वाजतगाजत चावत नाही. रात्रीची वीज आली म्हणून पाणी धरायला गेलेला शेतकरी, उसाच्या फडात कोयता चालवणारी बाई, खोपीत जमिनीवर निजलेले तिचे पोर, यांना तो चावतो. त्यातही मण्यार विलक्षण. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. या अवस्थेत माणूस मेल्यासारखा दिसतो, पण पुष्कळदा त्याचा मेंदू जागा असतो. आजूबाजूची रडारड त्याला ऐकू येत असते. विषाचा मारा मेंदूवर नसून मज्जातंतू जेथे स्नायूला भेटतो त्या सांध्यावर असतो. नागाचे विष तेथील निरोप पलीकडे पोचू देत नाही. मण्यारीचे विष निरोप धाडणारी टोकेच निकामी करते. म्हणून मण्यारीच्या दंशावर प्रतिविष उशिरा दिले तर ते झालेले नुकसान भरून काढू शकत नाही. टोके पुन्हा सावरेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवणे एवढेच हाती उरते.

हे एवढे ज्ञान आपल्याला आहे. परंतु जे नाही ते पाहा. आपल्या तालुक्यांतून दंश झाल्यापासून किती तासांनी रुग्ण दवाखान्यात पोचतो? प्रतिविषाच्या किती कुप्या पुरतात, आणि किती निष्कारण जातात? भारतात प्रतिविष बनते ते नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषापासून, आणि त्यासाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. तिकडच्या सापाचे विष आणि आपल्याकडच्या सापाचे विष तंतोतंत सारखे असेलच असे नाही. ही शंका आमच्या पदरची नव्हे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी प्रांताप्रांतांतील विषे तपासून ती अलीकडच्या वर्षांत पुढे मांडली आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे दगावली असा अंदाज दिला. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र शासनाने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृतिआराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणावयाचे, असे त्यात म्हटले आहे.

आमचे म्हणणे असे की, वरच्या प्रश्नांची उत्तरे शिराळ्यात, वाळव्यात, पाटणात आणि जावळीतच मिळतील. दिल्लीत मिळणार नाहीत. पण ती फुकटही मिळणार नाहीत. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणारी एखादी प्रशिक्षित परिचारिका हवी, रक्ताचे नमुने साठवायला शीतपेटी हवी, गावोगाव जाऊन विचारपूस करणारा माणूस व त्याचे गाडीभाडे हवे, आकडेमोड जाणणारा हवा. हा खर्च कोणा डॉक्टराच्या खिशातून होत नसतो, आणि होऊही नये. त्याचसाठी हे अनुदान आहे.

शासनाने रोगाच्या अभ्यासावर पैसा घालावा, ही कल्पना आपल्या प्रांतात रुजली ती भीतीपोटी. 1896 साली मुंबईत प्लेग आला. सरकारने हाफकिन यांस बोलावून घेतले, आणि त्यांस दिले काय? ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी काही महिन्यांत लस तयार केली आणि 1897 च्या जानेवारीत 10 तारखेला ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग सरकारला जाग आली. 1899 मध्ये परळच्या जुन्या राजभवनात त्यांना प्रयोगशाळा मिळाली. 1925 पासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दक्षिण महाराष्ट्रातील जुन्या घरांत अजून प्लेगच्या गोष्टी निघतात. गाव सोडून मळ्यात झोपड्या घालून राहिल्याच्या. त्या झोपड्यांत राहणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते की, रोग उंदरावरच्या पिसवांतून येतो. त्याचा पक्का पुरावा पुढे मुंबईतच, सरकारी खर्चाने नेमलेल्या मंडळाच्या कामातून 1905 नंतर मिळाला.

1911 साली 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' स्थापन झाले. त्याच्या नियामक मंडळाची पहिली बैठक त्या वर्षीच्या नोव्हेंबरात परळच्या त्याच प्लेग प्रयोगशाळेत भरली होती. स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, त्याचेच नाव 'इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च' झाले, आय.सी.एम.आर. म्हणून कोरोनाच्या दिवसांत ते घरोघर पोचले. तेव्हा हे दार शंभर वर्षांहून जुने आहे आणि त्याची पहिली पायरी महाराष्ट्रात आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

अशा पैशातून काय उभे राहते याचा नमुना म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव घेतो. कर्करोगाच्या अभ्यासासाठी त्यांचे नाव मोठे. 1952 साली मुंबईत निघालेल्या 'इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर'चे ते पहिले संचालक. परंतु आम्हांस त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. कुष्ठरोग हा कातडीचा रोग म्हणून लोक त्याला भितात. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो मज्जातंतूंतून कसा पसरतो हे बारकाईने पाहिले. बोटे झडतात ती रोगाने कुरतडल्यामुळे नव्हे. तंतू बधिर झाल्याने चटका कळत नाही, जखम कळत नाही, म्हणून झडतात. मिरजेच्या रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयाचा परिचय ज्यांना आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मेंदू आणि मज्जातंतूंचे शास्त्र म्हणजे केवळ प्रचंड यंत्रांनी मेंदूची रंगीत चित्रे काढणे, अशी आता समजूत झाली आहे. आमच्या दृष्टीने बधिर बोट हासुद्धा त्याच शास्त्राचा विषय आहे, आणि मण्यारीने मिटलेली पापणीही.

येथे कोणी आम्हांला अडवील. म्हणेल, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना कोणी अनुदान दिले होते? प्रश्न रास्त आहे. 1976 च्या सुमारास बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली पोरे त्यांच्यासमोर घामाने भिजून, फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी केल्या. विष मज्जातंतूंना चेतवून शरीरात जणू वादळ उठवते, हे त्यांच्या ध्यानी आले. मग रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी या दंशावर वापरले. 1982 आणि 1986 साली 'लॅन्सेट' या विलायतेच्या विख्यात वैद्यकीय पत्रात त्यांचे लिखाण आले. पूर्वी अशा गंभीर रुग्णांत शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यू पुढे शेकडा एक-दोनवर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तर मग अनुदान कशाला? आमचे उत्तर असे : बावस्कर दर तालुक्यात जन्मत नाहीत. ज्या तालुक्यात ते नाहीत तेथल्या पोरांनी मरावे काय? असामान्य माणूस पैशावाचून जे करतो तेच साध्या, कष्टाळू डॉक्टराला करता यावे, यासाठी अनुदान असते. आणि दुसरे असे की, बावस्करांनी जे आधी केले ते फुकटच होते. त्यांनी प्रश्न नेमका केला, आणि वही ठेवली. ज्याच्यापाशी वही नाही त्याला आय.सी.एम.आर. काय देणार?

दारे कोणती, ते झटपट सांगतो. आय.सी.एम.आर. हे थोरले. त्याच्या डोक्यावर 2007 पासून केंद्राचा आरोग्य संशोधन विभाग आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी त्याची एक अल्पकालीन विद्यावृत्ती 1979 पासून चालू आहे. सुटीतले दोन महिने, एक छोटा प्रश्न, एक मार्गदर्शक. आम्हांस ही योजना साऱ्यांत गोड वाटते, कारण वही ठेवण्याची सवय तेथे लागते. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासूनचे. तेथे किंवा कऱ्हाडला ज्यांची मुले-मुली शिकतात त्यांनी घरी गेल्यावर जरूर विचारावे. 1986 मध्ये स्थापन झालेला जैवतंत्रज्ञान विभाग आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2008 साली मेंदू, स्मृती, भाषा, आकलन यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र उपक्रम काढला. तेथे डॉक्टरच पाहिजे असे नाही, मानसशास्त्राचा किंवा भाषाशास्त्राचा प्राध्यापकही अर्ज करू शकतो. 2023 च्या कायद्याने 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' झाले आहे. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची भाषा त्यासोबत झाली. मात्र त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून यावयाचा आहे, तेव्हा आकडा ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. आपला देश साऱ्या संशोधनावर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा एकही खर्चीत नाही. 2020-21 चा आकडा 0.64 होता.

हा थोडका पैसाही साहजिकच जेथे आधीच प्रयोगशाळा आहेत तिकडे वाहतो. मेंदूच्या बाबतीत बंगळूरची निम्हान्स किंवा हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, अशा ठिकाणी. त्यात कोणाचे कपट नाही. कृष्णा आपल्या दारावरून जाते, म्हणून तिचे पाणी जतला आपसूक गेले नाही. म्हैसाळला पंप बसवावे लागले, आणि टप्प्याटप्प्याने ते वर चढवावे लागले. येथेही उपसा करावा लागेल.

उपसा म्हणजे अर्ज. असे काही अर्ज आमच्या वाचनात आले आहेत. पुष्कळसे पहिल्या पानावरच बुडतात. 'पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाचा सर्वांगीण अभ्यास' असे लिहिले की तपासणारा पान उलटतो. 'मण्यार चावलेले जे रुग्ण चार तासांच्या आत पोचले आणि जे त्यानंतर पोचले, त्यांना श्वासयंत्र किती दिवस लागले' असे लिहिले की तो खुर्चीत सावरून बसतो. दुसऱ्या अर्जात गर्व कमी आहे आणि काम अधिक आहे. किती रुग्ण लागतील, ते दोन-तीन वर्षांत मिळतील काय, हे मागल्या वर्षांच्या नोंदींवरून दाखवावे लागते. नोंदी केसपेपरच्या गठ्ठ्यात वाळवीने खाल्ल्या असतील तर अर्ज तेथेच संपला. खासगी संस्था असेल तर केंद्राच्या विज्ञान व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता बहुधा मागतात. ती आधी मिळवून ठेवावी. पैसा हप्त्याने येतो. पहिल्याचा हिशेब व उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा येत नाही, आणि गेल्यावरही लगेच येतो असे नाही. तोवर नेमलेल्या मुलीचा पगार थांबतो, ती दुसरी नोकरी पाहते, आणि तिच्याबरोबर वर्षभराची शिकवण निघून जाते. या विलंबाविरुद्ध कोणी बोलत नाही, कारण बोलणाऱ्याला पुढचा अर्ज करायचा असतो! आम्हांस करावयाचा नाही, म्हणून बोललो.

आता तुम्ही म्हणाल, यात आमचे काय काम? आम्ही ना डॉक्टर, ना प्राध्यापक. तुमचे काम आहे, आणि ते नियमात लिहिलेले आहे. माणसांवरचा कोणताही अभ्यास नीतिसमितीच्या संमतीशिवाय सुरू करता येत नाही. त्या समितीत डॉक्टरांखेरीज एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. पुष्कळ ठिकाणी ही नागरिकाची खुर्ची कोणा ओळखीच्या गृहस्थाने भरलेली असते. ते चहा घेतात आणि सही करतात. त्या खुर्चीवर बसणाऱ्याचे पहिले काम म्हणजे संमतिपत्र वाचणे. ते मराठीत आहे काय? त्यात 'यादृच्छिक' आणि 'प्रतिकूल परिणाम' असले शब्द आहेत की साधे बोललेले आहे? रुग्ण बोलू शकत नसेल, मण्यारीने त्याची जीभ बांधली असेल, तर त्याच्या वतीने सही कोण करणार, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला पुन्हा विचारणार की नाही? नकार दिला तर औषधोपचार थांबणार नाहीत, हे ठळक लिहिले आहे काय? हे प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. या मंडपात निवृत्त शिक्षक पुष्कळ दिसतात. तांबड्या शाईची सवय असलेली माणसे आहेत ही. आपल्या गावच्या महाविद्यालयात वा रुग्णालयात अशी समिती आहे काय, आणि तिच्यात ती खुर्ची कोणाकडे आहे, एवढे उद्या सकाळी चौकशी करून यावे. व्याख्यानमालेचे अजून तीन दिवस आहेत. चिटणीस येथेच बसलेले असतात.