केळीच्या पानांचा जमाखर्च



विद्वान मनुष्य जें आहे तेंच लिहितो, अशी आपली समजूत असते. तो लबाडी करतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्यानें विषय कोणता धरला आणि कोणाजवळ बसून विचारपूस केली, यावर त्याला काय दिसणार हें पुष्कळ ठरतें. पुरुष संशोधक व स्त्री संशोधक यांत येथें कसा फरक पडतो, तो एका दूरच्या मुलखाच्या दाखल्यानें सांगतों.

पापुआ न्यू गिनी देशांत ट्रोब्रियांड नांवाचीं बेटें आहेत. तेथें कोनफळासारख्या कंदाची शेती होते व वंश आईकडून चालतो. मालिनोव्स्की नांवाचे पंडित १९१५ ते १९१८ या काळांत दोनदां तेथें जाऊन राहिले, लोकांची भाषा शिकले. १९२२ सालीं त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. बेटाबेटांमधली शंखांच्या कांकणांची देवघेव, पुरुषांचा मानमरातब, सारें त्यांनीं बारकाईनें लिहिलें.

पुढें १९७१ सालीं ॲनेट वायनर या अमेरिकन बाई तेथें गेल्या. निघाल्या होत्या लांकडावरील कोरीवकामाचा अभ्यास करावयास. पण पहिल्याच दिवशीं बायकांनीं त्यांना आपलें एक वाटप पाहावयास नेलें. कोणी वारलें कीं तेथें बायका केळीच्या वाळल्या पानांच्या जुड्या व केळीच्या धाग्यांचे घागरे राशीनें वांटतात. बाईंनीं पुढें याच जुड्यांचा हिशेब धरला: कोणी दिल्या, कोणाला दिल्या, कां दिल्या.

त्यांतून निघालें तें असें. बाईचा भाऊ दरसाल तिच्या घरीं कंद पोंचवितो. त्याच्या बदल्यांत, तिच्या वंशांतलें कोणी वारलें कीं नवऱ्यानें पदरचें खर्चून तिला जुड्या मिळवून द्यावयाच्या. म्हणजे पुरुषांचा कंद व बायकांची जुडी एकाच दाव्याला बांधलेलीं! नुसता कंद मोजला तर जमाखर्च अर्धाच. १९७६ सालीं बाईंनीं हें ग्रंथरूपानें मांडलें. मालिनोव्स्कींचा त्यांनीं मानच राखला. फक्त वहींतलें कोरें राहिलेलें पान भरलें.

यावरून बायकांना जन्मतःच अधिक दिसतें असें कोणीं समजूं नये. बायकांनीं बाईला आंत नेलें, हा एक भाग. आणि जें दिसलें तें तिनें बायकी पसारा म्हणून झटकलें नाहीं, हा दुसरा. हा दुसरा भाग पुरुषालाही साधतो. आपल्याकडे हेमा राईरकर व गी पॉइटवां, एक बाई व एक पुरुष, यांनीं खेड्यांतल्या बायकांना सोबत घेऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या.

आतां आपलें घर पहा. पाहणीवाला दारीं येतो, घरधन्याला विचारतो, "बायको काय करते?" धनी सांगतो, "घरींच असते." झालें! खुरपणी, लावणी, शेणगोठा, कोष्ट्याघरचें कांड्या भरणें, बुरडाघरचें टोपल्या विणणें, सारें त्या दोन शब्दांत बुडालें. जें वहींत नाहीं, त्याची दाद कोण घेणार?

म्हणून आमचें सांगणें दोनच गोष्टींचें. विचारणारा आला कीं घरच्या बाईला पुढें बसवा व तिचें तिला बोलूं द्या. आणि मुलगी शिकून संशोधन करूं लागली, तर विषय तिचा तिला निवडूं द्या. तिनें आपल्या आईच्या खुरप्याचा हिशेब मांडावयास घेतला, तर हंसूं नका. तिला आईजवळ बसवा.